संगणकाच्या पानावरील फेरफार आणि त्याची वर्दी

छापील पान यंत्रातून बाहेर पडले की पुढे बदलत नाही. त्यात चूक राहिली असेल तर शुद्धिपत्रक जोडावे लागते. महाजालावरील पानाचा स्वभाव निराळा आहे. ते वाचकाच्या डोळ्यांपुढे उघडे असतानाच बदलत असते. प्रवाशाने बसच्या आकृतीतील आसन निवडले की त्या चौकोनाचा रंग पालटतो आणि खाली भाड्याची रक्कम वाढते. अर्जदाराने तालुक्याचे नाव निवडले की पुढच्या रकान्यात त्या तालुक्यातील गावांची यादी येऊन बसते. क्रिकेटचा धावफलक कोणी हात न लावता पुढे सरकतो. पान नव्याने मागविलेले नसते. तेच पान आतल्या आत बदललेले असते.

प्रारंभी असे नव्हते. १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी महाजालाची कल्पना मांडली ती कागदपत्रांच्या देवघेवीसाठी. पान मागवावे, वाचावे आणि त्यातील दुव्यावरून दुसरे मागवावे, एवढाच तो व्यवहार होता. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही आज्ञाभाषा तयार केली आणि पानाच्या अंगी थोडी हालचाल आली. १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पान जागच्या जागी ठेवून मागच्या मागे माहिती आणण्याची सोय झाली. २००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगल मॅप्स आले तेव्हा या सोयीची ताकद सर्वसामान्यांच्या ध्यानात आली. तेथपासून पान हा कागद राहिला नाही, तो फळा झाला.

फळ्यावर कोणी काही लिहिले किंवा पुसले की त्याची दखल घेऊन पुढचे काम करणारी एखादी आज्ञावली आपोआप चालावी, ही गरज यातूनच निर्माण झाली. बदल करणारी आज्ञावली आणि दखल घेणारी आज्ञावली एकाच लेखकाची असेल तर प्रश्न उद्भवतच नाही. बदल केल्यावर पुढच्या ओळीत दुसरे काम सांगितले की झाले. अशा वेळी निरीक्षणाची यंत्रणा उभारणे म्हणजे शेजारच्या खोलीतील माणसाला टपालाने पत्र पाठविण्यासारखे आहे, आणि ही हौस अनेक जण करतात. खरा प्रश्न येतो तो बदल करणारा एक आणि दखल घेणारा दुसरा, व दोघांची गाठभेटही नाही, अशा ठिकाणी. संकेतशब्द सांभाळणारे साधन दुसऱ्याने बांधलेल्या पानावर प्रवेशाचा रकाना केव्हा प्रकट होतो याची वाट पाहत असते. गणिताची सूत्रे नीटस मांडून दाखविणाऱ्या साधनाला नवे सूत्र पानात केव्हा आले हे कळावे लागते. नको असलेल्या जाहिराती झाकणारे साधन नवी जाहिरात केव्हा घुसते यावर नजर ठेवून असते.

शब्द ओळखीचाच

अशा बदलाला संगणकशास्त्रात म्युटेशन असे म्हणतात. महाराष्ट्राच्या महसूल खात्याला हा इंग्रजी शब्द मुळीच नवा नाही. जमिनीच्या हक्कातील बदलाला इंग्रजी कागदपत्रांत हाच शब्द आहे आणि त्याचे मराठी रूप गावोगाव रुळलेले आहे : फेरफार. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये, वारसाने वा अन्य प्रकारे हक्क मिळविणाऱ्याने त्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. ती नोंद प्रथम गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत होते, तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळविले जाते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावर सातबारा बदलतो. संगणकाच्या पानावर क्रम उलटा असतो. तेथे आधी फेरफार होऊन जातो आणि मग त्याची नोंद हाती येते. तथापि नोंदवही, वर्दी आणि हितसंबंधी व्यक्ती हे तिन्ही शब्द याही विषयात उपयोगी पडतात, आणि पुढील विवेचनात ते त्याच अर्थाने घेतले आहेत.

ब्राउझर पान उघडतो तेव्हा त्या पानाची एक वंशावळ तयार करतो. सर्वांत वर मूळ पुरुष म्हणजे संपूर्ण दस्तऐवज, त्याच्या खाली परिच्छेद, तक्ते, रकाने ही अपत्ये, आणि टोकाला प्रत्यक्ष अक्षरे. या मांडणीला डॉम असे संक्षिप्त नाव असून तिचे पहिले प्रमाणक महाजालाच्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९८ साली संमत केले. पान बदलणे याचा अर्थ या वंशावळीत नवे अपत्य येणे, असलेले जाणे, एखाद्याच्या गुणधर्मात पालट होणे किंवा टोकाची अक्षरे बदलणे. फेरफाराचे प्रकार एवढेच.

त्यांची खबर काढण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला स्वतः जाऊन पाहणे. तो आजही अनेक ठिकाणी वापरला जातो. काही बदलले नसले तरी फेरी चुकत नाही, विजेरी मात्र उतरत राहते. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एखादा मजकूर येऊन गेला तर त्याचा पत्ताच लागत नाही.

तत्काळ वर्दीची हानी

नोव्हेंबर २००० मध्ये वर उल्लेखिलेल्या संस्थेने यावर एक उपाय प्रमाणित केला. त्याचे नाव म्युटेशन इव्हेंट्स. एखादे अपत्य वंशावळीत येताच, जाताच, वा गुणधर्म बदलताच ब्राउझरने हातातील काम तेथेच थांबवावे, दखल घेणाऱ्या आज्ञावलीला बोलावून तिचे काम पूर्ण होऊ द्यावे आणि मग आपले काम पुढे चालू करावे, अशी ही योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसत होती. बदल झाला त्या क्षणी वर्दी, याहून अधिक काय हवे?

व्यवहारात मात्र याच तत्परतेने घात केला. शंभर ओळींचा तक्ता पानात भरावयाचा असेल तर शंभर वेळा काम थांबणार, शंभर वेळा वर्दी जाणार. शिवाय ही वर्दी पायरी पायरीने वंशावळीत वर चढत जाई. वर्दी ऐकणारा नुसता बसविला तरी पानातील पुढील बदल दीड ते सात पट मंदावतात, अशी नोंद मोझिलाने आपल्या माहितीपृष्ठावर केली होती.

मंदपणा एक वेळ सहन झाला असता. त्याहून गंभीर दोष निराळा होता. ब्राउझर एक अपत्य जागेवर बसवीत असताना मध्येच बोलावलेली परकी आज्ञावली त्या अपत्याच्या पालकालाच पानातून काढून टाकू शकत असे. परत आल्यावर ब्राउझर ज्या फांदीवर उभा होता ती फांदीच तोडलेली असे. गवंडी वीट लावीत असताना प्रत्येक विटेगणिक त्याला खाली बोलवावे आणि तेवढ्यात कोणी परांची हलवावी, तशातला हा प्रकार होता. ब्राउझर कोसळणे आणि सुरक्षिततेला भगदाडे पडणे हे याचे परिणाम होत. ब्राउझर बनविणाऱ्यांनी ही योजना कधी एकसारखी राबविलीही नाही. वेबकिट या यंत्रणेने गुणधर्मातील बदलाची वर्दी दिलीच नाही. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तर नवव्या आवृत्तीपर्यंत ही सोयच नव्हती.

२०११ साली ही योजना प्रमाणकातून नापसंत ठरविण्यात आली. तथापि चालू असलेली गोष्ट महाजालावरून काढून टाकणे हे नवी आणण्याहून कठीण असते, कारण तिच्यावर विसंबून कोणी कोठे काय बांधले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. क्रोमने ती प्रत्यक्ष बंद केली ती जुलै २०२४ मध्ये, १२७ व्या आवृत्तीत. नापसंतीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

फेरफार-निरीक्षक

तिच्या जागी जी योजना आली तिचे नाव म्युटेशन ऑब्झर्व्हर. तिला फेरफार-निरीक्षक म्हणावयास हरकत नाही. मोझिला आणि गूगल येथील अभियंत्यांच्या चर्चेतून ती २०११ च्या सुमारास आकाराला आली, २०१२ साली क्रोम व फायरफॉक्समध्ये आणि २०१३ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या अकराव्या आवृत्तीत पोहोचली. आज सर्व प्रचलित ब्राउझर तिला ओळखतात.

या योजनेतील मुख्य सुधारणा एकच आहे. बदल होताच काम थांबवावयाचे नाही. केवळ नोंदवहीत नोंद करावयाची. चालू असलेली आज्ञावली आपले काम पूर्ण करून हात रिकामे करते, त्यानंतर लगेच सर्व नोंदींचा गठ्ठा एकत्र निरीक्षकाच्या हाती दिला जातो. शंभर ओळींचा तक्ता भरला तरी बोलावणे एकदाच, आणि तेही सर्व विटा जागेवर बसल्यानंतर. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. हा विलंब वाचकाला जाणवत नाही, कारण गठ्ठा दिला जातो तो पडद्यावर नवे चित्र उमटण्याच्या आधी. निरीक्षकाला काही दुरुस्ती करावयाची असल्यास ती होऊन गेल्यावरच वाचक पान पाहतो; अर्धवट स्थिती त्याच्या नजरेस पडत नाही.

निरीक्षक नेमताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात : वंशावळीतील कोणत्या ठिकाणी लक्ष ठेवावयाचे आणि कोणत्या प्रकारच्या फेरफारांची नोंद घ्यावयाची. अपत्यांची ये-जा, गुणधर्म, अक्षरे यांपैकी जे हवे असेल तेवढेच मागता येते. सांगितलेल्या जागेखालील सर्व वंशजांवर लक्ष ठेवावे काय, हेही वेगळे सांगावे लागते. ते न सांगितल्यामुळे निरीक्षक मूकपणे बसून राहिला, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. नोंदीत फेरफाराचा प्रकार, ठिकाण, आलेली आणि गेलेली अपत्ये ही माहिती असते. पूर्वीचे मूल्य हवे असल्यास ते आधी मागून ठेवावे लागते. काम संपल्यावर निरीक्षकाची नेमणूक रद्द करावी, अन्यथा पान उघडे असेपर्यंत तो नोंदी करीत राहतो.

एक गोष्ट मात्र या नोंदीत नसते. गाव नमुना ६ मध्ये हक्क कोणाकडून कोणाकडे गेला हे लिहिलेले असते; निरीक्षकाच्या नोंदीत फेरफार कोणी केला हे कोठेही लिहिलेले नसते. पानाच्या मालकाने केलेला बदल, परक्या साधनाने केलेला बदल आणि निरीक्षकाने स्वतः केलेला बदल, तिन्ही सारखेच दिसतात. या उणिवेतून काय घडते ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

पानावरील इंग्रजी वळणाचे अंक देवनागरी करून दाखविणारे एखादे छोटे साधन कल्पावे. मराठी वाचकाच्या दृष्टीने ते उपयोगी आहे आणि रचनेला सोपे आहे. पानात नवा मजकूर आला की निरीक्षकाने त्यातील अंक पालटून मजकूर परत लिहावयाचा. परंतु असे परत लिहिणे हाही एक फेरफार आहे. त्याची नोंद होते, निरीक्षक पुन्हा जागा होतो, मजकूर पुन्हा तपासून पुन्हा लिहितो. दुसऱ्या खेपेस पालटण्याजोगा अंक उरलेला नसतो हे खरे. परंतु जुनाच मजकूर जसाच्या तसा परत लिहिला तरी ब्राउझर त्याची नोंद करतोच. त्यामुळे फेऱ्यास अंत राहत नाही. गठ्ठा संपेपर्यंत पडद्यावर चित्र उमटावयाचे नाही असा नियम असल्याने पान जागच्या जागी गोठते. बटण दाबले जात नाही, मजकूर सरकत नाही, आणि थोड्या वेळाने पान प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते. वाचक दोष देतो तो मूळ पानाला.

उपाय साधा आहे. नवा मजकूर आणि जुना मजकूर यांची तुलना करावी आणि फरक असेल तरच लिहावे. अथवा लिहिण्यापूर्वी नेमणूक तात्पुरती रद्द करावी आणि लिहून झाल्यावर निरीक्षकाला पुन्हा कामावर घ्यावे. पहिला मार्ग अधिक विश्वासाचा. तथापि अंक देवनागरी करणारे एक साधन आणि ते उलट फिरविणारे दुसरे साधन कोणी एकाच ब्राउझरमध्ये बसविले, तर या दोन निरीक्षकांच्या रस्सीखेचीवर कोणताही उपाय चालत नाही.

निरीक्षकाच्या कक्षेबाहेरचेही काही आहे. वाचक रकान्यात टंकलिखित करतो ती अक्षरे वंशावळीतील फेरफार म्हणून नोंदली जात नाहीत. त्यांची वर्दी देणारी व्यवस्था निराळी आहे. पानात बसविलेल्या दुसऱ्या पानाच्या आत काय चालले आहे हेही त्याला दिसत नाही. एखादा भाग पडद्यावर दृष्टीस पडू लागला किंवा त्याचा आकार बदलला, याची दखल घेण्यासाठी पुढे वेगळे निरीक्षक निर्माण करण्यात आले.

हितसंबंधी व्यक्ती कोण?

येथवर वर्दी जात होती ती एका आज्ञावलीकडून दुसरीकडे. परंतु पानातील फेरफाराचा पहिला हितसंबंधी म्हणजे पान वाचणारा माणूस. तो डोळस असेल तर बदल त्याला दिसतो. दृष्टिहीन असेल तर?

दृष्टिहीन व्यक्ती पडदा-वाचक या साधनाच्या साहाय्याने संगणक वापरते. पानातील मजकूर ते साधन मोठ्याने वाचून दाखविते. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेले एनव्हीडीए हे असे एक विनामूल्य साधन असून त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक एनजी हा आवाज मराठीही वाचतो. हे साधन एका वेळी एकाच ठिकाणी असते. बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाप्रमाणे, बोटाखाली जे आहे तेच त्याला कळते.

आता शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी एक दृष्टिहीन विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. तिने सर्व रकाने भरले आणि सादर करण्याचे बटण दाबले. पानाच्या वरच्या भागात तांबड्या अक्षरांत सूचना उमटली, की बँकेच्या खात्याचा क्रमांक अपुरा आहे. वंशावळीत नवे अपत्य आले, निरीक्षकांना नोंद मिळाली, पानाची यंत्रणा आपल्या परीने चोख चालली. विद्यार्थिनीच्या कानी मात्र काहीच आले नाही. तिचे बोट बटणावरच आहे. ती पुन्हा बटण दाबते, पुन्हा शांतता. अर्ज गेला असे समजून ती संगणक बंद करते, आणि अर्ज गेलेला नसतो. मुदत उलटल्यावर ती कोणाकडे दाद मागणार? दप्तरी तिचा अर्जच नाही.

यावरील उपाय २०१४ साली प्रमाणित झालेल्या एरिया या प्रमाणकात आहे. पानातील ज्या भागात सूचना प्रकट व्हावयाची त्या भागावर हा भाग जिवंत आहे अशी खूण करून ठेवावयाची. त्या भागातील मजकूर बदलला की ब्राउझर स्वतःहून पडदा-वाचकाला वर्दी देतो आणि तो ती सूचना बोलून दाखवितो. त्यासाठी निरीक्षक नेमावा लागत नाही, आज्ञावलीची एक ओळही लिहावी लागत नाही. एका गुणधर्माने काम भागते. या गुणधर्माची मूल्ये मोठी बोलकी आहेत : एक सौम्य, दुसरे आग्रही. सौम्य सूचना चालू वाक्य संपेपर्यंत थांबते; आग्रही सूचना मध्येच बोलते. म्युटेशन इव्हेंट्सच्या वेळी जो प्रश्न यंत्रापुढे होता, तोच येथे माणसाच्या कानापुढे उभा राहतो.

आणि चूकही तीच होते. मुदत संपण्यास किती सेकंद उरले हे दाखविणाऱ्या घड्याळावर आग्रहाची खूण केली की दर सेकंदाला वाचन तुटते. अर्जातील प्रश्न ऐकूच येत नाही, केवळ सेकंद ऐकू येतात. बहुतेक सूचनांना सौम्य मूल्यच योग्य. आग्रही मूल्य राखून ठेवावे ते माणसाने त्याच क्षणी न ऐकल्यास नुकसान होईल अशा सूचनेसाठी. दुसरी दक्षता अशी, की खूण केलेला भाग पान उघडताना आधीच रिकामा हजर असावा आणि सूचना नंतर त्यात लिहावी. भाग आणि सूचना एकदमच आणल्यास अनेक पडदा-वाचक ती बोलत नाहीत.

हा ऐच्छिक सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेत, स्थितिदर्शक सूचना बोट न हलविता कळल्या पाहिजेत, असा निकष आला. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची तिसरी आवृत्ती याच मार्गदर्शिकेला अनुसरते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला.

मराठी पानांच्या बाबतीत आणखी एक छोटी गोष्ट राहून जाते. पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या आरंभी एका गुणधर्मात नमूद करावे लागते. ते नसले, किंवा नमुन्यावरून उतरवून घेताना तेथे इंग्रजी तसेच राहिले, तर सूचना इंग्रजी आवाजाच्या हवाली होते. तो आवाज देवनागरी मजकूर धड वाचू शकत नाही. कित्येकदा तो गाळूनच टाकतो. वर्दी निघते, पोहोचते, पण शब्द ऐकू येत नाहीत. हा दोष पडद्याकडे पाहून सापडत नाही. अर्जाचे पान तयार करणाऱ्या कार्यालयाने पडदा बंद करून, कानाला श्रवणयंत्रिका लावून, तो अर्ज कळफलकावरून एकदा चुकीचा आणि एकदा बरोबर भरून पाहावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे आणि त्याला खर्च नाही.